धुराचा पहिला मान कुणाला?

ऐकलंत का? जयपूरच्या चारदीवारीत स्मोकर आला, धुरावर मांस शिजवायची पेटी! मोठ्या हॉटेलात आला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. हॉटेलवाल्यांनी दारात हत्ती बांधला तरी लोक फोटो काढून मोकळे. पण हा आलाय जौहरी बाजारामागच्या एका चिंचोळ्या गल्लीत, जुन्या हवेलीच्या गच्चीवर. आणि कुणाच्या घरी? आपल्याच माणसांच्या! विट्याकडचं, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचं घर, माझ्या मामेभावाचं, दादाचं. त्याचा लेक ऑस्टिनला नोकरी करून परत आला, येताना सुटलेलं पोट घेऊन आला आणि पाठोपाठ बोटीनं आली ही काळीकुट्ट लोखंडी पेटी. हमालांनी ती जिन्यावरून वर चढवताना भिंतीवरची जुनी आराइश खरवडली. चुना आणि संगमरवराची पूड घोटघोटून केलेला गिलावा तो, त्यावर नख मारायचीही चोरी. हवेलीच्या मालकीणबाईंनी पहिला शंख तेव्हाच केला.

तेव्हापासून गल्लीत दुसरा विषय नाही. पेटी आली ते आली, पण तिच्यात पहिलं मांस कुठलं चढायचं? ह्या एका प्रश्नावरून नवराबायको बोलेनाशी झाली, बापलेकात आवाज चढले, शेजारच्या गच्च्यांवरून सल्ले यायला लागले. वहिनींचा फोन रोज असतो. त्यामुळे मला घरबसल्या सगळं कळतं, आणि कळलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही.

शहर कुठलं ते तरी बघा. सवाई जयसिंहानं १७२७ साली विद्याधर भट्टाचार्यांना हाताशी धरून वसवलेलं. नऊ चौकड्या, काटकोनातले रस्ते, सगळं आखीव. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यायचा म्हणून सवाई रामसिंहांनी ते गुलाबी रंगवून घेतलं, आणि २०१९ साली युनेस्कोनं कोटाच्या आतल्या ह्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दुकानांच्या पाट्यासुद्धा एका छापाच्या. आणि अशा शहराच्या डोक्यावर आमचा सांगली जिल्ह्यातला माणूस धुराडं पेटवणार! विद्याधरांनी कशाकशाचा विचार केला होता, पण गच्चीवर बोकड किती तास ठेवायचा ह्याची तरतूद राहूनच गेली.

मराठी माणूस जयपुरात नवा नाही म्हणा. जयसिंहाच्या पदरचे ज्योतिषी जगन्नाथ सम्राट आपल्याकडचे, जयसिंहाचे गुरू रत्नाकर पुंडरीक आपल्याकडचे. पण १७५१ च्या जानेवारीत मराठी फौजेतली माणसं शहर बघायला म्हणून कोटाच्या आत शिरली, बाजारात हिंडू लागली, आणि चिडलेल्या शहरानं दरवाजे लावून त्यांची कत्तल केली, हेही खरं. आमच्या दादाला हे पाठ आहे. ‘जयपुरात मराठ्यानं शेजाऱ्यांना विचारल्याबिगर काही पेटवू नये,’ असं म्हणून तो तिन्ही बाजूंच्या गच्च्यांना विचारून आला. घोटाळा तिथेच झाला. विचारलं की लोक सांगतात.

एका अंगाला जैन काकी. घर जवाहिऱ्यांचं, कांदासुद्धा चढत नाही. गच्चीवर हिवाळ्यात मंगोड्या आणि पापड वाळत घातलेले. दुसऱ्या अंगाला ठाकूरसाहेब, ज्यांच्या दिवाणखान्यात आजोबांच्या शिकारीचे फोटो अजून आहेत. मागच्या बाजूला नगीने घासणारे भाईजान, म्हणजे पाचूला पैलू पाडणारे कारागीर. दादाशी त्यांचा धंद्याचा घरोबा, ईदेची बिर्याणी इकडे आणि दिवाळीच्या करंज्या तिकडे. आता ह्या तिघांच्या मधोमध पेटी पेटणार आणि तिच्यात पहिलं काय चढणार, हे घरातल्या घरात ठरेल असं तुम्हाला वाटतं?

आणि गंमत बघा, पेटी आली कुणाच्या घरात! खानापूर, आटपाडी, माण, खटाव ह्या दुष्काळी पट्ट्यातून निघालेली ही गलाईची माणसं. देशात जिथे सराफकट्टा तिथे ह्यांची भट्टी. मुशीत सोनं १०६४ अंशांवर पातळ होतं, चांदी ९६२ वर. दादाचं सगळं आयुष्य त्या आकड्यांशी. वरून टाकणखाराची चिमूट टाकायची, मळी वर आली की काढायची, ओतायचं, की झालं काम. आणि पोरगा काय सांगतो? स्मोकर १०७ अंशांवर धरायचा. पाणी उकळतं त्याच्या जेमतेम वर! विस्तव एका कडेला, मांस दुसऱ्या कडेला, मधून फिरणार तो फक्त गरम धूर. आणि असं सहा सहा, आठ आठ तास बसून राहायचं, झाकणही उघडायचं नाही. दादा म्हणाला, ‘येवढ्या वेळात मी किलोभर चांदी गाळून, तोलून, गिऱ्हाइकाला देऊन जेवून झोपतो.’

पोराचं पहिलं मत ब्रिस्केटचं होतं. शिव शिव शिव! टेक्सासमध्ये एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक खाटकांनी दुकानात न खपलेलं मांस धुरावर टिकवायला सुरुवात केली, पुढे त्यातून गाईच्या छातीचा तो जाड, चिवट तुकडा तिथलं दैवत होऊन बसला. ऑस्टिनला फ्रँकलिन बार्बेक्यू म्हणून दुकान आहे, त्याच्या दारात माणसं सकाळपासून तासन्‌तास रांगेत उभी असतात. २०१४ च्या जुलैत खुद्द ओबामांनी तिथली रांग मोडली आणि मागच्या काही जणांचं बिल भरून पापक्षालन केलं. पोरगा हे सगळं डोळे मोठे करून सांगत होता. वहिनींनी ऐकून घेतलं आणि तुळशीकडे बघत विचारलं, ‘गाईचं म्हणालास का तू?’ विषय संपला. कायद्यानंही संपलेलाच होता. राजस्थानात १९९५ पासून गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे. पण कायद्याचं नाव निघायची वेळच आली नाही.

मग पोरगा म्हणाला, डुकराचा खांदा. आणि इथे मात्र त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं, हे मी कबूल करते. नव्या स्मोकरवर पहिल्यांदा बसणाऱ्याला जगभर हाच सल्ला मिळतो. खांद्याच्या मांसात चरबी भरपूर, सांधे बांधणाऱ्या चिवट धाग्यांचं जाळं भरपूर. मंद आचेवर ते जाळं हळूहळू विरघळून चिकट रस होतो आणि मांस बोटानं सुटतं. आच वीस अंश इकडेतिकडे झाली, तास दीड तास उशीर झाला, तरी ते बिघडत नाही. नवशिक्याच्या चुका पोटात घालणारं मांस. पण भाईजानांना जेवायला बोलवायचं आणि पेटीत पहिलं डुक्कर चढवायचं? ‘त्यांना दुसऱ्या दिवशी बोलवू,’ पोरगा म्हणाला. त्यावर दादा जे बोलला ते मला पटलं. ‘पंगतीला कोण बसणार ते आधी ठरतं. पातेल्यात काय पडणार ते मग.’ शिवाय नव्या लोखंडावर एकदा जे चढलं त्याचा वास त्याला जन्मभर राहतो, असं भाईजान न म्हणताही सगळ्यांना ऐकू आलं.

कोंबडीचं नाव कुणी काढलं, आठवत नाही. बहुतेक हवेलीच्या मालकीणबाईंनी. धूर लवकर आटपेल म्हणून. कोंबडी आतून ७४ अंशांना पोचली की झाली, दोन-तीन तासांत मोकळं. पण एवढ्या मंद आचेवर तिची कातडी कुरकुरीत होत नाही, रबरी राहते. आणि मुख्य अडचण वेगळीच. दादाच्या गावी जत्रेला ज्याच्या दारात नुसती कोंबडी शिजते, त्याचं नाव पुढच्या जत्रेपर्यंत निघत राहतं. बोटीनं पेटी मागवायची आणि तिच्यात कोंबडी? लोक काय म्हणतील?

ह्याच सुमाराला ठाकूरसाहेब कठड्यावर रेलून म्हणाले, ‘अरे सा, यह तो हमारा सूला ही है, बस पहियों पर।’ आणि ह्या माणसानं मग दोन दिवस गल्लीला सोडलं नाही. सूला म्हणजे रजपुतांच्या शिकारीच्या छावणीतला पदार्थ. मांसाचे पातळ काप, त्यांना दही, लाल मिरची आणि कचरीचं वाटण. कचरी म्हणजे वाळवंटात आपोआप येणारं ते लिंबाएवढं रानखरबूज. तिच्यात मांसाचे धागे सैल करायचा गुण असतो, म्हणून शिकारीचं राठ मांससुद्धा मऊ पडतं. मग सळईला लावून निखाऱ्यावर, आणि शेवटी लवंग-तुपाचा धूर. त्यांच्याकडे खडही होता: ससा मसाल्यानं भरायचा, पोळ्यांत गुंडाळायचा, वर ओलं फडकं, आणि खड्ड्यात निखाऱ्यांच्या मध्ये पुरून माती लोटायची. तासांनी उकरायचा. ठाकूरसाहेबांचा आग्रह असा की पेटीत पहिलं चढेल तर रानडुकराचा सूला, नाहीतर ससा. त्यांना कुणीतरी हळूच आठवण करून दिली की १९७२ पासून वन्यजीव कायदा आहे आणि ससा काय, तितर मारला तरी आत जायला लागतं. ‘वही तो,’ असं म्हणून त्यांनी आजोबांच्या फोटोकडे बघून सुस्कारा टाकला.

टेक्सासवाले शे-दीडशे वर्षांचा वारसा सांगतात, म्हणून जाता जाता एक सांगून टाकते. आपल्या दख्खनेत कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. मराठीचे फार जुने नमुने ज्यात सापडतात तोच तो ग्रंथ. त्यात सळईवर मांस लावून निखाऱ्यावर भाजण्याची सांगोपांग वर्णनं आहेत, डुक्कर आहे, आणि बायांनो, पदर तोंडाला लावा: नदीकाठच्या शेतांतले काळे उंदीरही आहेत! राजाच्या ताटात! ही माहिती मी पोराला कळवली. त्यानं उत्तर दिलेलं नाही.

आता वहिनींची बाजू. त्यांना ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठा अपमान वाटला तो वेगळाच. ‘वन्सं, एवढ्याशा धुरासाठी एवढी पेटी? मग मी इतकी वर्षं काय करत होते?’ आणि त्यांचं खरं आहे. वहिनी जयपुरात सून होऊन आल्या तेव्हा शेजारच्या ठकुराणींकडून धुंगार शिकल्या. मी तो बघितलाय. मटण शिजून रस्सा अंगाबरोबर आला की पातेल्याच्या मधोमध तुकडे सारून जागा करायची आणि तिथे छोटी स्टीलची वाटी ठेवायची. वाटी नसली तर कांद्याचा पापुद्रा. शेगडीतला कोळसा पूर्ण लाल होऊन वर राखेची पांढरी साय धरायला लागली की चिमट्यानं उचलायचा, एकदा फुंकर मारून राख उडवायची आणि वाटीत ठेवायचा. त्यावर दोन लवंगा, वर चमचाभर साजूक तूप. चर्र झालं की मान मागे घेऊन झाकण दाबायचं, झाकणाच्या कडेला ओली कणीक. मिनिटं मोजायची, तास नव्हे. जास्त ठेवलं तर कडू. झाकण उघडल्यावर वाटी काढून घेताना वहिनी आधी ती नाकाशी नेतात, मग बाजूला ठेवतात. धुरातले वासाचे अंश स्निग्धात चटकन मुरतात, म्हणून तूप. हे रसायनशास्त्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

अलिबागच्या आमच्या जाऊबाईंनी फोनवर त्यात आपली पोपटी घुसवली. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात ठासून मडकं उपडं घालायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. ‘आम्ही त्याला स्मोकर म्हणत नाही, थंडी म्हणतो,’ त्या म्हणाल्या. ह्या बाईंना बोलायला कुणी शिकवलं देव जाणे.

हां, लाकडाचं राहिलं. ह्यावरून तर मला हसावं की रडावं कळेना. पोरानं पेटीबरोबर अमेरिकेहून मेस्कीटच्या लाकडाच्या चिपा मागवल्या. पिशवीभर! रोकड मोजून! आता मेस्कीट म्हणजे काय? आपल्याकडची वेडी बाभूळ तिची सख्खी चुलत बहीण. राजस्थानात विलायती बाबूल म्हणतात. जयपुरातून कुठल्याही दिशेनं बाहेर पडा, रस्त्याच्या दोन्ही कडांना तीच. काढून काढून लोक थकले, ती हटत नाही. शहरातल्या शेगड्यांतला कितीतरी कोळसा तिचाच असतो. म्हणजे वहिनींच्या धुंगाराला इतकी वर्षं मेस्कीटचाच वास होता, फक्त तो पाकिटातून आला नव्हता. एक मात्र बरं झालं. हवेलीतल्या गड्यानं ‘खेजडीचं लाकूड आणू का?’ विचारलं तेव्हा ठाकूरसाहेब अंगावर धावून गेले. खेजडीही त्याच कुळातली, पण ती राजस्थानचा राज्यवृक्ष, आणि तिच्यासाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत ३६३ बिश्नोईंनी मान दिली. मटणासाठी ते झाड? जिभेला हाड हवं माणसाच्या.

शेवटी बोकडावर आलं, यायचंच होतं. पण बोकड म्हणून प्रश्न सुटतो होय? कुठला बोकड? दादा म्हणतो माडग्याळची मेंढी ती मेंढी, पण जतहून जयपूरला मेंढी आणणार कोण. इथे सिरोहीचा बोकड चांगला, अंगानं सडसडीत. कापणार कोण? ठाकूरसाहेबांकडे झटका, भाईजानांकडे हलाल. दादानं हा गुंता क्षणात सोडवला, कारण त्याच्या लेखी तो गुंताच नव्हता. आपल्या गावगाड्यात बोकडावर सुरी फिरवायला मुलाणीच यायचा, देवाच्या जत्रेतसुद्धा. भाईजानांच्या ओळखीच्या, रामगंजच्या खाटकाकडून घ्यायचं ठरलं. ठाकूरसाहेब आधी गप्प झाले, मग म्हणाले की धुरात सगळं सारखंच लागतं. एवढी मोठी तडजोड त्या गच्चीवर ह्याआधी झाली नसेल!

आणि तुकडा? रान सगळ्यांना दिसायला हवी होती, फोटोला बरी. पण मांडीला चरबी कमी, ती मंद आचेवर कोरडी पडते. खाटकानंच सांगितलं, ‘दस्ती ले जाइए।’ दस्ती म्हणजे पुढचा पाय खांद्यासकट. डुकराच्या खांद्याचं जे शास्त्र पोरगा सांगत होता तेच इथे लागू. सांध्याचे धागे, पडद्यांची चरबी, हाड मधोमध. ऑस्टिनच्या पोराला जे पटवायला पंधरवडा लागला असता ते रामगंजच्या खाटकानं सुरी पुसता पुसता सांगितलं.

तारीख! मी विसरलेच. जयपूरची संक्रांत म्हणजे अख्खं शहर गच्चीवर. १४ जानेवारीला सकाळपासून ‘वो काटा!’चा गिल्ला, फिण्या, तिळाचे लाडू, संध्याकाळी फटाके. त्या दिवशी मांस नाही, हे ठरलेलं. दुसऱ्या दिवशी कर. करीला आमच्याकडे मटण हवंच. पण करीला नवं काम काढायचं नाही! वहिनी अडून बसल्या. पेटीचा आरंभ आणि किंक्रांतीला? सगळ्यांचा जीव टांगणीला.

वाट निघाली ती पेटीच्या माहितीपुस्तकातून. नवी पेटी आधी रिकामीच दोन-तीन तास तापवायची असते. आतून तेलाचा हात द्यायचा, कारखान्यातलं वंगण जळून जायचं, तेलाचा थर लोखंडावर बसायचा. पोरानं ते काम भोगीला काढलं. आमच्या मामींना, म्हणजे दादाच्या आईला, एवढा विस्तव रिकामा जळताना बघवेना. त्यांनी भोगीच्या भाजीची वांगी त्यात नेऊन ठेवली. पोरगा डोकं धरून बसला, कारण पहिल्या आचेवर काही खायचं ठेवत नाहीत. ती वांगी मग खरंच फेकावी लागली, वंगणाचा वास आला होता. पण वहिनींचं काम झालं: आरंभ भोगीला झाला, करीला नुसतं पुढे चालू. धर्मशास्त्रात ह्यापेक्षा पातळ पळवाटा आहेत.

जैन काकींची अट एकच होती, मंगोड्यांवर धूर येता कामा नये. वाऱ्याची दिशा कुणाला विचारावी? संक्रांतीभर पतंग उडवणाऱ्या पोरांना, दुसऱ्या कुणाला! त्यांनी मांज्यानं कापलेली बोटं वर करून सांगितलं, पेटी कुठल्या कोपऱ्यात न्यायची ते. आणि धूर पांढरा दाट नको, निळसर विरळ हवा, नाहीतर मांस कडवट होतं, हे पोरगा सांगत होता. काकींना हे ऐकून फार बरं वाटलं. ‘हमको तो कोई सा भी नहीं चाहिए,’ त्या म्हणाल्या, आणि मंगोड्या तरीही आत नेल्या.

करीच्या दिवशी वहिनींनी व्हिडिओ लावून फोन पाण्याच्या टाकीला टेकवला. दस्तीला रात्रभर कचरी, दही, मिरची. सकाळी चढली. तीन-साडेतीन तास सगळं सुरळीत. मग मांसात खुपसलेल्या तापमापकाचा आकडा ६८ वर आला आणि थिजला. अर्धा तास ६८. पाऊण तास ६८. दादा उठला. त्याचा हात सवयीनं भट्टीच्या ब्लोअरकडे गेला. पोरगा ओरडला, ‘पप्पा, नको!’ गच्चीवर गलका. १०६४ अंशांच्या माणसाला ६८ अंशांनी घाम फोडला!

ह्यात भुताटकी नाही. मांसातलं पाणी वर येऊन वाळतं आणि वाळता वाळता मांसाला गार करतं. बाहेरून जेवढी उष्णता येते तेवढी त्यातच जाते. जयपुरात मे महिन्यात खिडकीला लावलेला कूलर जे करतो तेच. टेक्सासवाले अशा वेळी मांस कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतात, वाफ कोंडली की आकडा परत चढतो. पण फॉइल घरात नव्हतं. आणि तेव्हा ठाकूरसाहेब, जे सकाळपासून ‘हमारे खड में’ म्हणत होते, कठड्यावरून म्हणाले, ‘रोटी में लपेट दो सा, जैसे खरगोश।’ सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. वहिनींनी कणीक मळली, जाड पोळ्या लाटल्या, दस्ती त्यात बांधली. तासाभरात आकडा ८० च्या पुढे. पोरगा म्हणे ठाकूरसाहेबांच्या पाया पडला. ऑस्टिनला जे कसाबाच्या कागदानं साधतं ते इथे खड्ड्यातल्या सशाच्या पोळीनं साधलं.

९४ ला काढली, थोडी मुरू दिली, कापली. आणि परत आरडाओरड! मांसाच्या कडेला बोटभर आत गुलाबी पट्टा. ‘कच्चं राहिलं!’ मामी म्हणाल्या. ‘एवढे तास बसून कच्चं!’ पोरानं घसा कोरडा केला: लाकडाच्या धुरातले वायू मांसाच्या रंगद्रव्याला धरून बसतात, म्हणून कड गुलाबी राहते, शिजलेलीच असते, टेक्सासमध्ये ह्या पट्ट्यासाठी लोक जीव टाकतात. भाईजान बराच वेळ तुकडा उजेडात धरून बघत होते, पाचू बघतात तसा नव्हे, जरा संशयानंच. मग खाल्ला. मग दुसरा घेतला. भांडण खरं झालं ते पोळ्यांवरून. चरबी आणि मसाला पिऊन लालसर झालेल्या त्या पोळ्या मुलांनी पळवल्या, मांसाकडे कुणी बघेना.

वहिनींनी आपल्या पानातल्या तुकड्यांवर तरीही धुंगार दिला. वाटी, कोळसा, लवंग, तूप. ‘पेटीचा धूर आहे, पण लवंग कुठाय?’ असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर त्यांचं बरोबर. पेटीनं मांस मऊ केलं, वास वाटीनंच दिला. पण हे मी पोराला सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

आता पुढचं ऐका. ही साथ आहे, एका गच्चीवर थांबत नाही. घाटगेटकडे कुणीतरी तेलाचा ड्रम कापायला दिलाय म्हणतात. आधी ड्रमात काय होतं हे विचारलंय की नाही देव जाणे. आणि स्वतः ठाकूरसाहेबांनी त्रिपोलिया बाजारात लोखंडी पेटीची चौकशी केलीय. त्यांच्या पेटीत पहिलं काय चढणार, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, पण ठकुराणींनी वहिनींना सांगितलं आणि वहिनींनी मला. तितर! पुन्हा तितर! आता त्यांना कुणीतरी नीट बसवून सांगायला हवं की फार्मवर पाळलेला जपानी लावा चालतो, तितर चालत नाही. दादा म्हणतो तू सांग. मी म्हटलं, मला कशाला मध्ये घेता, मी कुठे कुणाचं काही बोलते?